एक पाय बसच्या पायरीवर

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका दुसऱ्यांना उशीर करवणारा माणूस विरारपासून वसईपर्यंत आजवर जन्माला आलेला नाही. बरं, मामा स्वतः कधी उशिरा आले असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही. सकाळची नालासोपाऱ्याची बस यायच्या कितीतरी आधी ते वटार गावातल्या क्रुसाजवळच्या स्टॉपवर उभे असतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खोबरेल लावून चापून बसवलेले केस, काखेत छत्री. बस आली की ते बायाबापड्यांना, पोरांना, भाजीच्या टोपल्यांना आधी वर चढवतात आणि मग स्वतः एक पाय पायरीवर ठेवतात. एकच. दुसरा जमिनीवर रोवलेला. मग मान वळवून ते आधी डाव्या हाताला भातशेतातून येणाऱ्या बांधाकडे, मग मागच्या गल्लीकडे, मग वाड्यांमधल्या पायवाटेकडे असं सावकाश बघत राहतात. कंडक्टर बेल मारतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, आतून कोणीतरी "ओ मास्तर, घ्या ना पाय वर!" म्हणून ओरडतं. मास्तर पाय वर घेत नाहीत. ऐंशीला टेकलेल्या माणसाचा पाय खाली असताना गाडी हाकायची हिंमत कुठल्या ड्रायव्हरला होणार? गल्लीच्या तोंडाशी एखादी बाई दिसते, तिच्या हातातल्या सोनचाफ्याच्या पुड्या दिसू लागतात, ती धापा टाकत येते, मामा तिला हात देऊन वर घेतात, आणि मगच बसला वटार सोडायची परवानगी मिळते.

या थांबण्यातून मामांनी कोणालाही सोडलेलं नाही. मुलांचे डबे घरी राहिले म्हणून त्यांनी बस थांबवली आहे, डबे एकटेच प्रवासाला निघाले म्हणूनही थांबवली आहे. एकदा नव्याने राहायला आलेला एक तरुण सकाळी व्यायामाला धावत होता. धावणारा माणूस बससाठीच धावतो, यापलीकडे मामांची कल्पनाशक्ती जात नाही. त्यांनी पाय रोवला, छत्री हलवली आणि "या, या, सावकाश या, थांबवलीय!" म्हणून पुकारा केला. तो बिचारा भिडस्त निघाला. सगळी गाडी आपल्यासाठी खोळंबलेली पाहून त्याला "मी येत नाहीये" म्हणवेना. तो चढला आणि अर्ध्या चड्डीत, खिशात दमडी नसताना, सोपाऱ्यापर्यंत जाऊन आला. तिकीटही मामांनीच काढलं. तेव्हापासून तो गृहस्थ बसची वेळ टाळून व्यायाम करतो.

याचं मूळ मामांच्या लॅटिनमध्ये आहे, असं सगळं गाव समजत होतं. मामा लहानपणी फादर व्हायला म्हणून सेमिनरीत गेले होते. तिथे काही वर्षं लॅटिन घोटलं, आणि एक दिवस ट्रंक डोक्यावर घेऊन घरी परत आले ते कायमचे. पुढे जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि उरलेल्या वेळात केळीची वाडी केली, पण डोक्यात गेलेलं लॅटिन काही बाहेर येईना. ते जागा मिळेल तिथून बाहेर पडायचं. निवडणुकीला उभा राहिलेला एक पुढारी घरी मत मागायला आला, तर मामांनी त्याला खुर्चीत बसवून सांगितलं, "कॅन्डिडेट म्हणजे मूळ लॅटिनात पांढरे कपडे घातलेला. रोमचे उमेदवार खडूने झगे पांढरे करून मतं मागायला निघायचे. म्हणजे तुमची अर्धी तयारी झालेली आहे." चर्चमध्ये एका तरुण फादरचं प्रवचन लांबलं, तेव्हा बाहेर पडताना त्याच्या हातात हात देऊन म्हणाले, "फादर, मिस्सा हा शब्द ज्या वाक्यातून आला, त्या वाक्याचा अर्थ 'आता निघा' असा आहे. आपल्या लोकांनी त्यातला एक शब्द उचलून सगळ्या प्रार्थनाविधीला दिला. तुम्ही मूळ अर्थाला थोडं धरून राहिलात तर बरं." मी मालवणी माणूस, लग्न करून या घरात आलो तेव्हा मला वाटलं होतं की सासुरवाडीला मासळीवर गप्पा होतील. पहिल्याच जेवणात मामांनी मला लॅटिनच्या सगळ्या विभक्त्या वाढल्या.

पण त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे ऑम्निबस. "जावईबापू, ही जी तुम्ही बस बस म्हणता ना, ती कोण आहे माहितीय?" इथून सुरुवात व्हायची. ऑम्निबस म्हणजे लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी'. हजारो वर्षं हा शब्द पोथ्यांमधून सुखाने नांदत होता. मग फ्रान्समधल्या कुठल्याशा गावात भाड्याच्या लांबलचक घोडागाड्या सुरू झाल्या. त्या जिथे उभ्या राहायच्या तिथे एका टोपीवाल्याचं दुकान होतं आणि त्याच्या पाटीवर हा शब्द रंगवलेला होता. लोकांनी टोप्या सोडल्या आणि शब्द उचलून गाडीला लावला. खरं-खोटं तो टोपीवाला जाणे, पण गाडी सर्वांसाठीच होती, म्हणून नाव चिकटलं. पुढे इंग्रजांना एवढा मोठा शब्द उच्चारायचा कंटाळा आला. त्यांनी पुढचा भाग कापून टाकला आणि नुसतं शेपूट ठेवलं. "म्हणजे बघा," मामा कळवळून म्हणायचे, "'सर्वांसाठी'मधलं 'सर्वां' गेलं आणि 'साठी' तेवढं उरलं! सगळं जग त्या शेपटाला लोंबकळत कामाला जातंय!" त्या गेलेल्या 'सर्वां'ची भरपाई करणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. एखाद्या बसवर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलेलं दिसलं की ते खवळायचे. अशी एक कारखान्याची बस त्यांनी हात दाखवून थांबवली होती आणि बसच्या दारात बसलेल्या वॉचमनला शब्दाचा सगळा इतिहास ऐकवून आत जागा मिळवली होती. वॉचमन नंतर म्हणाला, "चढने दिया इसलिए चुप हुए, नहीं तो नौकरी जाती मेरी."

मामीला या लॅटिनचं काडीचंही कौतुक नव्हतं. मामी शेजारच्या पाड्यावरची, भातशेती करणाऱ्या घरातली. अंगाने ठेंगणी, आवाजाने उंच. मामांचं सुरू झालं की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे झाला तुमचा ऑम्नी! पानी तापलंय, आंघोळ करा." तिला कसलीच घाई कधी नसायची. लग्नाला निघायचं असलं तरी आरामात केसात फूल माळत बसायची, आणि मामा दारात छत्री घेऊन, न कुरकुरता, उभे.

अशा या मामीच्या पोटात एक गाठ निघाली. तीन-चार वर्षांपूर्वीच्या जुलैची गोष्ट. सोपाऱ्याच्या स्टॉपजवळच्या एका हॉस्पिटलात तिला दाखल केलं. दाखल करतानाही मामांनी डॉक्टरांना, पेशंट म्हणजे मूळ लॅटिनात सोसणारा, हे सांगून घेतलं. डॉक्टरांनी मला मात्र बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. वय झालेलं, हृदय कमजोर, टेबलावर काहीही होऊ शकतं. ऑपरेशनच्या आधी मामांना नक्की भेटवा. मामीनेही सिस्टरला बजावून ठेवलं होतं की मास्तरांनी कपाळावर क्रुसाची खूण केल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना राहू देत नव्हते, म्हणून माझी बायको तिच्यापाशी थांबली आणि सकाळी मामांना वेळेवर पोचवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. जगातला कुठलाही माणूस मी वेळेवर पोचवला असता. माझ्या वाट्याला नेमके मामा आले.

पाऊस तीन दिवस धरून बसला होता. सकाळी वटारला मामांच्या घरी उठलो तर अंगणात घोटाभर पाणी. रिक्षावाल्याला फोन केला, त्याने हसून ठेवून दिला. माझी स्कूटर रात्रीच भिजून मेली होती. उरली ती बस. ऑपरेशन अकराला होतं, तेव्हा हाताशी वेळ होता, म्हणून मी धीर धरला. स्टॉपवर उभे असतानाच बायकोचा फोन आला. "अहो, त्यांनी वेळ अलीकडे घेतलीय! आधीच्या पेशंटला ताप आलाय म्हणून मामीला आधी नेतायत. निघालात का तुम्ही?" तिचा आवाज चिरकत होता. मी मामांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि छत्रीची मूठ घट्ट धरली.

बस आली. माणसं चढली, टोपल्या चढल्या, मी चढलो. मामांनी एक पाय पायरीवर ठेवला.

"मामा!" मी ओरडलो. "आज नाही! आज पाय वर घ्या!"

"कोणीतरी येतंय," मामा म्हणाले. खरोखरच गल्लीतून एक काळी छत्री येत होती, आणि छत्रीखालची म्हातारी चिखलातून एकेक पाऊल जपून टाकत होती. ती येईपर्यंत मी तीनदा घड्याळ पाहिलं. मी म्हणालो, "तिकडे मामी वाट बघतेय हो!" त्यावर मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिचीही कोणीतरी बघत असेल." म्हातारी चढली. सीटवर टेकली. आणि पुढच्या तिसऱ्या स्टॉपला उतरून गेली! मला रडावं की तिच्यामागे उतरून तिला परत वटारला नेऊन सोडावं ते कळेना.

निर्मळ गावच्या स्टॉपवर पुन्हा तेच. मामा दारातच उभे होते, बस थांबली की पाय खाली. तिथे तीन पोरं धावत आली, कॉलेजातली. आता आतली माणसंही चिडली. एक बाई म्हणाली, "मास्तर, आमाला कामावर जायचंय, लेट मार्क लागतो." कंडक्टर म्हणाला, "काका, पाणी वाढतंय, आगे रस्ता बंद झाला ना तर सगळेच लटकू." मामा सगळ्यांचं ऐकून घेत होते, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, हे मी पाहिलं. फोन वाजला. बायको म्हणाली, "स्ट्रेचर आणलंय." बस, एवढंच.

सोपाऱ्याच्या अलीकडे बस थांबली. समोर रस्ता नव्हताच. गढूळ पाण्याची एक सपाट चादर आणि तिच्यातून वर आलेले विजेचे खांब. दोन्ही बाजूंना खोल गटार, पण ते कुठे सुरू होतं हे कोणाला दिसणार? ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवून हात वर केले. "नाही नेत मी. पाणी तेवढं नाही, पण कड दिसत नाही. गाडी कलंडली तर एवढी माणसं माझ्या डोक्यावर." ड्रायव्हरचं काही चूक नव्हतं, आणि तरीही मला त्याची गचांडी धरावीशी वाटत होती.

मामा खाली उतरले. दोन्ही पायांनी. पाणी त्यांच्या गुडघ्याशी आलं. छत्री मिटून तिच्या टोकाने तळ चाचपत ते बसच्या पुढे चालू लागले आणि कड सापडली तिथे छत्री रोवून उभे राहिले. मी उतरलो, पण माझ्याआधी निर्मळची ती तीन पोरं पाण्यात उतरली होती. "मास्तर, तुम्ही इथंच थांबा, आम्ही बघतो." मग कंडक्टर उतरला. मघाशी लेट मार्कवरून बोलणारी बाईदेखील साडी खोचून उतरली. "या रस्त्याने जलमभर टोपल्या वाहिल्या मी, मला कड शिकवतो काय," असं पोरांना म्हणत ती डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. दोन्ही कडांना अशी माणसं उभी राहिली आणि बस त्यांच्यामधून मुंगीच्या पावलाने सरकू लागली. बस पुढे गेली की मागची माणसं पाणी कापत पुन्हा पुढे येऊन उभी राहायची. ड्रायव्हरचा चेहरा काचेमागे घामाने निथळत होता. एकदा मागचं चाक घसरलं आणि आतल्या सगळ्या बायकांनी एकदम देवाचं नाव घेतलं. ड्रायव्हरने चाक वळवलं, गाडी सावरली आणि वर निघाली.

सगळे भराभर चढले. चढले म्हणजे, त्या तीन पोरांतली दोघं चढली. तिसरं पोरगं पाण्यात वाकून काहीतरी शोधत होतं. "मास्तर, चप्पल गेली माझी! एक मिनिट!" मी डोळे मिटले. आता मामा पाय खाली ठेवणार, चप्पल सापडेपर्यंत वसई-विरारची वाहतूक थांबणार. पण तेवढ्यात माझ्या डोक्यावर टण टण असा आवाज झाला. डोळे उघडून पाहतो तर मामांनी कंडक्टरची दोरी हातात धरली होती आणि डबल बेल दिली होती. "राहू दे चप्पल! चढ!" ते ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. पोरगं अनवाणीच उडी मारून चढलं. मामांनी बेल द्यावी, हे त्या गाडीत कोणी कधी पाहिलं नव्हतं. बस थेट सोपाऱ्याला जाऊन थांबली.

हॉस्पिटलात शिरलो तेव्हा आम्ही नखशिखांत भिजलेलो. दोन मजले मी मामांना जवळजवळ उचलूनच नेलं. कॉरिडॉरच्या टोकाला बायको भिंतीला टेकून रडत होती. मग दिसलं की ती रडत नव्हती, हसत होती, म्हणजे दोन्ही करत होती. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर उभं होतं. त्यावर हिरव्या कपड्यातली मामी बसलेली, आणि तिचा एक पाय खाली जमिनीवर घट्ट रोवलेला! दोन वॉर्डबॉय हताश उभे. डॉक्टर घड्याळ बघत उभे. सिस्टर म्हणाली, "कधीपासून सांगतोय, आजी पाय वर घेईनात. म्हणतात, गाडी थांबवलीय."

"आला का मानूस?" मामी म्हणाली. "किती तो उशीर!" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "डाक्टर, आख्खा जलम ह्याने माझ्यासाठी गाडी थांबवली. मी एक दिवस थांबवली तर तुमचं काय बिघडलं?" मामांनी ओल्या अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. त्यांना एक शब्द बोलता आला नाही, लॅटिन नाही नि मराठी नाही. मामीने पाय वर घेतला, आडवी झाली आणि म्हणाली, "आता मारा डबल बेल." दार बंद झालं.

त्या बंद दारासमोर आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. मामांच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, मामी काय म्हणाली? 'माझ्यासाठी गाडी थांबवली' म्हणजे?"

मामा दाराकडेच बघत राहिले. "सेमिनरी सोडून आलो तेव्हा तोंड दाखवायला लाज वाटायची," ते म्हणाले. "शाळेत नोकरी लागली होती, रोज एसटीने जायचो. ही पाड्यावरून बांधाबांधाने भाजीची टोपली घेऊन यायची. रोज उशीर. धावायची नाही. टोपली डोक्यावर, आणि चाललीय आपली डुलत. मी एक दिवस पाय खाली ठेवला. कंडक्टर आला अंगावर. म्हणाला, कोणासाठी थांबवलीस रे गाडी? सगळी गाडी बघत होती. खरं कसं सांगणार? डोक्यात लॅटिन होतं, तेच तोंडात आलं. म्हटलं, सर्वांसाठी."

"आणि मग?"

"मग काय! एकदा सगळ्यांसमोर बोलून बसलो. मग सगळ्यांसाठीच थांबवावी लागली."

मामी त्या दिवशी वाचली. गाठ निघाली, आणि घरी आल्यावर तिने पुन्हा स्वयंपाकघरातून ऑम्नीचा उद्धार सुरू केला. पुढची वर्षं देवाने वरून दिल्यासारखी गेली. ईस्टरच्या आधीच्या गेल्या उपवासकाळात मात्र ती झोपेतच गेली. कोणाला हाक मारली नाही, काही नाही. जन्मात एकदाच ती घाईने निघाली.

तिला जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सेसाठी मी वटारला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांबरोबर स्टॉपवर आलो. त्यांना कुठेही जायचं नव्हतं, तरी इस्त्रीचा शर्ट होता, काखेत छत्री होती. बस आली. मामांनी सगळ्यांना चढवलं आणि एक पाय पायरीवर ठेवला. गल्लीत कोणी नव्हतं. वाडीच्या वाटेवर कोणी नव्हतं. मामा बांधाकडे बघत उभे राहिले. कंडक्टर नवीन होती, विशीतली मुलगी, तिला मामा माहीत नव्हते. तिने बाहेर डोकावून रिकामा रस्ता पाहिला आणि विचारलं, "काका, कोणासाठी थांबवलीय गाडी?"

सगळी गाडी बघत होती.

"सर्वांसाठी," मामा म्हणाले. मग आणखी थोडा वेळ थांबून त्यांनी पाय वर घेतला.